गांजाच्या फुलोऱ्याचा दर्जा कशावर ठरतो: पक्वतेवर की मुरवण्यावर?

पाचपाखाडीकर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ टोरांटोला राहतो आणि मणक्याच्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गांजाचा सुकवलेला फुलोरा वाफेच्या यंत्रातून घेतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी याची विक्री कायदेशीर आहे, आणि औषध म्हणून वापराला त्याच्याही बऱ्याच आधीपासून परवानगी होती. त्याने एकाच उत्पादकाचे, एकाच वाणाचे दोन डबे घेतले. दोन्हींवर टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या मुख्य घटकाचा, टक्का जवळजवळ सारखाच छापलेला होता. तरीही एका डब्याला लिंबाची साल आणि चीडाच्या लाकडासारखा ताजा वास होता, तर दुसऱ्याला वाळक्या गवताचा वास येत होता, त्याने घसा खवखवला आणि नुसती सुस्ती आली. दुकानदाराने सांगितले की दुसरा माल जास्त पिकलेला होता. भावाच्या मित्राचे म्हणणे असे की तो नीट मुरवलेलाच नव्हता, म्हणजे सुकवल्यावर बंद भांड्यात हवा तसा ठेवलेला नव्हता.

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जात नाही. माझे मत पक्वतेच्या बाजूने आहे, कारण झाडाने जे तयारच केले नाही ते बरणीत कुठून येणार? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आपल्याकडे परवान्याशिवाय हे झाड लावणे आणि फुलोरा बाळगणे गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. हा धागा माहितीपुरता आहे.

घोडबंदरचा वाचक

मला मुरवणे अधिक महत्त्वाचे वाटते. वाशीच्या बाजारात मार्च-एप्रिलमध्ये येणारा हापूस झाडावरून कठीणच उतरवलेला असतो, आणि तो पेंढ्याच्या आढीत पिकतो. त्याचा रंग, गोडी, वास सगळे आढीतच येते. फुलोऱ्याचेही तसेच असायला काय हरकत आहे?

पाचपाखाडीकर

हरकत आहे, आणि ती मूलभूत आहे. आंबा तोडल्यावरही इथिलिन तयार करतो आणि आत साठवलेल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर करतो, म्हणजे पिकण्यासाठी लागणारे भांडवल त्याच्या गरातच असते. गांजाच्या फुलोऱ्यातील राळ, म्हणजे टीएचसी आणि सुगंधी तेले असलेला चिकट स्राव, मात्र फुलाच्या सहपत्रांवरील (फुलालगतच्या लहान पानांवरील) ग्रंथींमध्ये तयार होते, आणि त्या ग्रंथींच्या पेशींना पुरवठा झाडाकडून होतो. फांदी कापली की तो पुरवठा थांबतो. कच्चा उतरवलेला फुलोरा कितीही दिवस ठेवला तरी तो पिकत नाही, तो फक्त वाळतो.

खाडीपल्याड

मी काही वर्षे ओंटारियोमधील एका परवानाधारक उत्पादकाच्या गुणवत्ता विभागात होतो आणि आता ऐरोलीला परतलो आहे. रोजच्या कामात जे पाहिले तेच लिहितो.

साठपट भिंगाखाली पक्व होत आलेल्या फुलोऱ्याचे सहपत्र पाहिले की त्यावर काचेच्या टाचण्यांचे रान उभे असल्याचे दिसते. प्रत्येक टाचणीला बारीक देठ आणि वर गोल डोके असते. यांना ट्रायकोम म्हणतात. डोक्याच्या तळाशी स्रवणाऱ्या पेशींची चकती असते आणि तिच्यावर ताणलेल्या पातळ पापुद्र्याखाली राळ साचत जाते. सुरुवातीला डोके पाण्यासारखे स्वच्छ असते, म्हणजे अजून भरणे चालू आहे. मग ते दुधी होते. त्यानंतर काही डोकी मधाच्या रंगाची व्हायला लागतात आणि पापुद्रा सैल पडल्यासारखा दिसतो. बहुतेक डोकी दुधी झालेली आणि थोडीच मधाळ झालेली असताना आम्ही कापणी करत असू.

केवळ केसरांकडे पाहून, म्हणजे फुलातून बाहेर डोकावणाऱ्या पांढऱ्या तंतूंचा रंग तपकिरी झाला म्हणून पक्वता ठरवणे धोक्याचे आहे. हे तंतू हात लागल्याने, पाणी पडल्याने किंवा परागण झाल्यानेही वाळून तपकिरी होतात आणि आतली राळ मात्र कच्चीच असते. शिवाय एकाच झाडावर शेंड्याकडचा फुलोरा आधी तयार होतो आणि खालचा सावलीतला मागे राहतो. सगळे झाड एकाच दिवशी कापले तर एकाच डब्यात दोन अवस्था भरल्या जातात. भावाच्या दोन डब्यांतील फरकाचे हे एक साधे कारण असू शकते.

मुरवण्याबद्दल सांगायचे तर ताज्या फुलोऱ्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो. आम्ही फांद्या अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगत असू, तापमान १८ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवून, आणि याला दीड ते दोन आठवडे लागत. बारीक काडी वाकवल्यावर नुसती न वाकता कट्कन मोडली की टांगणे संपले. मग फुलोरा हवाबंद भांड्यात जाई आणि सुरुवातीचे काही दिवस भांडी रोज उघडून हवा बदलली जाई. बाहेरून कोरडा वाटणारा फुलोरा आतून ओला असतो. भांड्यात तो ओलावा सगळीकडे सारखा पसरतो. भांडे उघडल्यावर अमोनियासारखा उग्र वास आला तर माल ओला असताना बंद केला आहे आणि आत जिवाणूंचे काम सुरू झाले आहे असे समजावे.

महापे रसायन

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी औषधनिर्मितीतील विश्लेषणाचे काम करतो, म्हणून रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

झाडात टीएचसी जवळजवळ नसतेच, तिथे असते टीएचसीए हे आम्ल. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. आम्लाचा रेणुभार ३५८.५ आणि टीएचसीचा ३१४.५, त्यामुळे प्रयोगशाळा आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणतात. २० टक्के आम्लातून जास्तीत जास्त साडेसतरा टक्के टीएचसी मिळते. मग टीएचसीचे हवा आणि प्रकाशामुळे ऑक्सिडीकरण होऊन सीबीएन हे दुसरे संयुग तयार होते. या साखळीत मुरवण्याने नवीन टीएचसीए तयार होण्याची कोणतीही पायरी नाही.

कळवा स्टेशन

मग मुरवल्यावर जोर वाढतो असे सगळीकडे का लिहिलेले असते?

महापे रसायन

कारण पाणी कमी झाले की टक्का वाढतो. समजा पूर्ण कोरड्या पदार्थात २० टक्के टीएचसीए आहे. त्याच मालात १५ टक्के ओलावा असेल तर तपासणीत १७ टक्के दिसतील आणि ओलावा १० टक्क्यांवर आला तर १८ टक्के दिसतील. राळ एक कणही वाढलेली नसते. म्हणूनच ओलाव्याचा आकडा सोबत नसलेल्या टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि पाचपाखाडीकर ताईंच्या भावाने डब्यांवरचे दोन आकडे सारखे आहेत म्हणून माल सारखा आहे असे धरू नये.

दुसरे कारण असे की मुरलेला माल घशाला कमी बोचतो आणि त्याचा वास अधिक उलगडतो, म्हणून तो अधिक परिणामकारक वाटतो. संथपणे सुकताना पेशी काही काळ जिवंत असतात. त्या काळात साखर वापरली जाते आणि हरितद्रव्य मोडत जाते. तंबाखूच्या पानांत ही प्रक्रिया फार पूर्वीपासून अभ्यासलेली आहे. घाईने, जास्त उष्णतेत सुकवले तर पेशी लवकर मरतात, हिरवेपणा तसाच अडकतो आणि तो गवताचा वास येतो.

नौपाड्याची संध्या

ही चर्चा आपल्या भूमीत किमान सव्वाशे वर्षे जुनी आहे, हे इथे नोंदवावेसे वाटते. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि त्यात लागवडीपासून साठवणीपर्यंतचे बारकावे आले. तेव्हा बंगालमधील नौगावचा परिसर गांजाच्या लागवडीसाठी सर्वांत प्रसिद्ध होता. मध्य प्रांतात खांडव्याचे नाव होते, तर मुंबई इलाख्यात तेव्हाचा अहमदनगर जिल्हा पुढे होता.

नौगावला नर झाडे ओळखून उपटणारा एक वेगळा जाणकार असे. तो शेतातून चालत जाऊन फुलोरा येण्याआधीच नर झाड बाजूला काढी, कारण परागण झाले की मादी झाड राळेऐवजी बियांच्या मागे लागते. पक्वतेचा विचार करताना हा मुद्दा इथे कोणी मांडला नव्हता. बी धरलेला फुलोरा कितीही पिकवला तरी त्याचा दर्जा बिनबियांच्या फुलोऱ्याला गाठत नाही.

कापणीनंतर तिथे प्रामुख्याने दोन पद्धती होत्या. चपट्या गांजासाठी फुलोरा पसरून, माणसे एकमेकांना धरून त्यावर पाय फिरवत आणि तो तुडवून दाबत, म्हणजे राळ फुलोऱ्याला चिकटून राही. गोल गांजासाठी तो पायाखाली वळला जाई. या सगळ्यात सुटून पडणाऱ्या तुकड्यांना चूर म्हणत आणि त्याचा तिसरा प्रकार मानला जाई. सरकारी कर तिन्हींवर वेगवेगळा होता.

घोडबंदरचा वाचक

आंब्याबाबतचा आक्षेप मान्य आहे. मात्र संध्याताईंच्या माहितीवरून असे दिसते की त्या शेतकऱ्यांनीही कापणीनंतरच्या कामावर प्रचंड मेहनत घेतली होती. ती मेहनत निरर्थक होती असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे मुरवण्याचे पारडे इतके हलके नाही.

खाडीपल्याड

हलके मुळीच नाही. पक्वतेने कमाल मर्यादा ठरते आणि त्यापैकी किती हातात उरेल हे सुकवणे आणि मुरवणे ठरवते. मी पाहिलेला बिघडलेला माल बहुतेक वेळा शेतात चांगलाच होता आणि नंतर वाया गेला होता.

महापे रसायन

किती वाया जाते याचा अंदाज देतो. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात रॉस आणि एलसोहली यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ताज्या फुलोऱ्यातील सुगंधी तेल ०.२९ टक्के होते. आठवडाभर सुकवल्यावर ते ०.२० झाले, महिन्याने ०.१६ आणि तीन महिन्यांनी ०.१३. त्यातही मिर्सिन, लिमोनिन यांसारखी हलकी मोनोटर्पीन आधी उडतात आणि कॅरिओफिलिनसारखी जड तेले मागे राहतात. म्हणून जुन्या मालातला लिंबासारखा ताजेपणा आधी जातो आणि मिरीसारखा, लाकडासारखा वास उरतो.

टीएचसी इतक्या वेगाने जात नाही. त्याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासात खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या मालातील टीएचसी पहिल्या वर्षात सुमारे १७ टक्के घटली आणि चार वर्षांत ४१ टक्के. त्याआधी १९७६ मध्ये लंडनमध्ये फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की सर्वांत मोठा शत्रू प्रकाश आहे, आणि ग्रंथी न मोडता जपलेला माल अंधारात वर्ष-दोन वर्षे बराच स्थिर राहतो. ग्रंथी न मोडणे हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

कळवा स्टेशन

मधाळ रंगाची डोकी जास्त असली की झोप येते, असे दुकानदार सांगतात. भावाला आलेल्या सुस्तीचे हेच कारण असेल का?

महापे रसायन

त्या समजुतीमागचा तर्क असा की मधाळ म्हणजे ऑक्सिडीकरण, म्हणजे सीबीएन, म्हणजे झोप. यातील प्रत्येक दुवा कच्चा आहे. नीट ठेवलेल्या फुलोऱ्यात सीबीएन अत्यल्प असते. डोक्याच्या रंगावरून त्याचे प्रमाण काढता येत नाही, आणि एकट्या सीबीएनने माणसाला झोप लागते याला भक्कम पुरावा नाही. मात्रा, वेळ आणि आदल्या रात्रीची झोप यांचाही परिणाम होतोच. सुस्तीवरून पक्वता ठरवू नये.

वाशी फुप्फुस

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि या चर्चेत वास आणि टक्का यांच्या आधी यायला हवी अशी एक गोष्ट मागे राहिली आहे: बुरशी. अस्पर्जिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू नीट न सुकलेल्या वनस्पतींवर वाढतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, विशेषतः कर्करोगाचे उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्यांच्या फुप्फुसात हे बीजाणू गेले तर जिवावर बेतते. दूषित गांजामुळे अशा रुग्णांना झालेल्या संसर्गाच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उष्णतेने सगळे मरते या भरवशावर राहू नये.

आपल्या नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मसाल्याचा डबा चार दिवस सैल राहिला तर काय होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. टोरांटोची हवा इथल्याइतकी दमट नसली तरी बंद भांड्यातली हवा मालाच्या ओलाव्यावर ठरते. म्हणून भावाला सांगावे की करडा कापसासारखा थर किंवा कुबट वास असेल तर माल टाकून द्यावा.

खाडीपल्याड

डॉक्टर, आपण लिहिले ते आमच्याकडे पहिल्या क्रमांकाचे निकष होते. आम्ही ओलाव्याच्या टक्क्यापेक्षा जलक्रिया मोजत असू, म्हणजे मालातले किती पाणी बुरशीला वापरता येईल. ०.५५ ते ०.६५ ही मान्य कक्षा आहे. ०.६५ च्या वर बुरशीचा धोका सुरू होतो आणि ०.५५ च्या खाली फुलोरा इतका ठिसूळ होतो की हाताळताना ग्रंथी झडतात. मुरवणे म्हणजे या अरुंद पट्टीत माल आणून स्थिर ठेवणे, एवढेच खरे तर त्याचे मुख्य काम आहे.

सेक्टर सतरा

याला जोडून सांगतो. नेदरलँड्समध्ये औषधी गांजा २००३ पासून औषधांच्या दुकानांतून मिळू लागला आणि तिथे तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केला जातो. हेच तंत्र आपल्या वाशीत मसाल्यांसाठी वापरले जाते, अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचे विकिरण केंद्र तिथे २००० सालापासून चालू आहे. गांजावरील परिणामाचा अभ्यास २०१६ मध्ये हाझेकांप यांनी प्रसिद्ध केला. त्यात टीएचसी आणि सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जसेच्या तसे राहिले, मात्र काही हलकी सुगंधी तेले कमी झाली. एका डब्याचा वास फिका असण्यामागे असेही कारण असू शकते.

कोर्टनाक्याचा वकील

विषय बदलत नाही, पण कायद्यातही दर्जाचा हाच प्रश्न दडलेला आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे, आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. कायद्याने राळ जिथे असते तोच भाग धरला आहे. मात्र शिक्षा ठरवताना एक किलोपर्यंत अल्प मात्रा आणि वीस किलोंच्या वर व्यापारी मात्रा असे केवळ वजन पाहिले जाते. ओला, कच्चा, निकृष्ट माल वजनाने जास्त भरतो आणि उत्तम मुरलेला कमी. खाडीपल्याड यांनी लिहिलेला तीन चतुर्थांश पाण्याचा मुद्दा न्यायालयात किती गंभीर ठरू शकतो, हे यावरून लक्षात यावे. जप्तीच्या वेळी माल ओला होता की सुका, याची नोंद पंचनाम्यात नेमकी असायला हवी, असे मी पोटतिडकीने सांगतो.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाशी सविस्तर बोलले आणि त्याला काही गोष्टी पाहायला सांगितल्या. दोन्ही डबे अपारदर्शक आहेत, म्हणजे प्रकाशाचा प्रश्न नाही. कापणीची तारीख कोणत्याही डब्यावर नाही. पॅकिंगची तारीख पहिल्यावर दोन महिन्यांपूर्वीची आणि दुसऱ्यावर वर्षाहून जुनी आहे. बुरशी किंवा कुबट वास कुठेही नाही.

त्याच्याकडे साठपट भिंग होते, त्यातून घेतलेली छायाचित्रे त्याने पाठवली. दुसऱ्या डब्यातील फुलोऱ्यावर उरलेली डोकी बहुतेक दुधी आहेत, मधाळ अगदी तुरळक. परंतु कितीतरी देठ नुसतेच उभे आहेत, त्यांच्यावर डोके नाही. फुलोरा चिमटीत धरताच त्याचा चुरा होतो, आणि डब्याच्या तळाशी पिवळसर बारीक भुकटी साचलेली आहे.

खाडीपल्याड

मग दुकानदाराचे म्हणणे बाद झाले. दुधी डोकी सांगतात की कापणी योग्य वेळी झाली होती. गवताचा वास सुरुवातीच्या घाईच्या सुकवण्याचा आहे, कारण जुनेपणाने वास मंद होतो, गवतासारखा होत नाही. आणि मोडलेली डोकी सांगतात की माल मर्यादेपेक्षा कोरडा झाल्यावर यंत्राने छाटला किंवा हाताळला गेला. पक्वता उत्तम असूनही पुढचे काम बिघडले, असे हे सरळ उदाहरण आहे.

महापे रसायन

आणि टक्का सारखा दिसण्याचेही कारण त्यातच आहे. तपासणीसाठी नमुना दळून घेतला जातो, त्यामुळे राळ फुलोऱ्यावर आहे की तळाशी पडली आहे याने आकडा बदलत नाही. भावाला मात्र वरचा फुलोरा घेताना कमी राळ आणि जास्त पाला मिळत होता.

पाचपाखाडीकर

म्हणजे ती भुकटी टाकून द्यायची की ठेवायची? त्याला आज कळवायचे आहे.

नौपाड्याची संध्या

टाकू नये. नौगावच्या तिन्ही प्रकारांत सर्वांत जड कर चुरावरच होता, कारण त्यात काड्या नसत आणि राळ सर्वाधिक असे.

वाशी फुप्फुस

ठेवावी, परंतु नेहमीच्या मापाने घेऊ नये. ती फुलोऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र असेल. मात्रा किती घ्यावी हे त्याने आपल्या तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.